झिजलेले टोक कसे काढावे? स्पॉट वेल्डिंग करणाऱ्यांसाठी एक धडा

आम्ही कापडाचे व्यापारी. ताणा-बाणा, पन्हा, रंग पक्का की कच्चा, उधारी किती थकली, एवढेच आमचे ज्ञान. शिक्षण उर्दू शाळेत झाले, यंत्रशास्त्राचे पुस्तक कधी हाती धरले नाही. तेव्हा वेल्डिंगच्या हत्याराविषयी आम्ही लिहावे याचे वाचक बांधवांना नवल वाटेल. परंतु गेल्या उन्हाळ्यात एका बोटभर तांब्याच्या तुकड्याने आम्हाला असा धडा शिकविला की तो आपल्या कारागीर बांधवांपुढे मांडल्यावाचून राहवत नाही.

आमचा एक भाचा अमळनेरात पत्र्याचे काम करतो. कपाटे, पेट्या, धान्याच्या कोठ्या आणि हंगामात कूलरचे सांगाडे. धंद्यात थोडी रक्कम आमचीही आहे, म्हणून शेडवर आमचे जाणे-येणे असते. खानदेशचा उन्हाळा कसा असतो हे सांगावयास नको. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. वैशाखात बोरीकाठी सखाराम महाराजांची यात्रा भरते, लग्नसराई असते, बाजार भरलेला असतो. कूलरवाल्याचे वर्षाचे पोट या दोन-तीन महिन्यांवर चालते.

अशा ऐन हंगामात एका गावच्या दुकानदाराने पाच कूलर परत पाठविले. पेटी आणि तिचे स्टँड यांचा सांधा सुटला होता. एका घरी तर पाण्याने भरलेला कूलर एका अंगाला कलला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. परंतु पाणी आणि वीज एकत्र असलेली वस्तू घरात मुलाबाळांजवळ कलंडली असती तर काय झाले असते, याचा विचार करून आमची झोप उडाली.

भाच्याने दोष मशीनवर काम करणाऱ्या कारागिराला दिला. "स्पॉट नीट मारत नाही, लक्ष नसते," असे म्हणून त्याची तीन दिवसांची मजुरी कापली. त्याने आम्हाला विचारले आणि आम्हीही मान डोलावली. येथेच आमची चूक झाली. ती कशी, हे पुढे येईलच.

स्पॉट म्हणजे काय?

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन पत्रे एकमेकांवर ठेवायचे. वरून एक आणि खालून एक अशा तांब्याच्या दोन टोकांमध्ये ते दाबून धरायचे आणि क्षणभर फार मोठा वीजप्रवाह सोडायचा. पत्रे जेथे एकमेकांना टेकतात तेथे विजेला सर्वांत जास्त अडथळा होतो, म्हणून उष्णताही तेथेच सर्वांत जास्त होते. लोखंड आतल्या आत वितळते आणि दाबाखाली थिजून दोन्ही पत्र्यांची एक गाठ बनते. वर फक्त एक ठिपका दिसतो. सळी लागत नाही, फ्लक्स लागत नाही, रिव्हेटही लागत नाही.

ही रीत एलिहू थॉमसन या अमेरिकन संशोधकाची. त्याला विजेच्या वेल्डिंगचे पेटंट १८८६ साली मिळाले. आज एका मोटारगाडीच्या सांगाड्यात असे हजारो ठिपके असतात. तीच विद्या आपल्या गल्लीतल्या पायाने दाबायच्या मशीनमध्ये आहे.

आकडे ऐकण्यासारखे आहेत. १ मिलिमीटर जाडीच्या साध्या लोखंडी पत्र्याला चांगला ठिपका मारावयाचा तर साधारण ८ ते १० हजार अँपिअर प्रवाह लागतो. दाब किंचित अधिक-उणा २०० किलोचा असतो आणि वेळ मात्र सेकंदाचा पाचवा हिस्सा. विजेचा दाब मोजक्या काही व्होल्टचाच असतो. एवढा प्रवाह, एवढा दाब आणि एवढी उष्णता सोसतो कोण? ते तांब्याचे टोक.

कारागीर या टोकाला टिप म्हणतात. ते टोपीसारखे दांड्यावर बसणारे असेल तर त्याला कॅप म्हणतात. आम्ही या लेखात दोन्हींना टोकच म्हणू.

टोक पसरले की सांधा कच्चा

टोक का झिजते? प्रत्येक ठिपक्याला ते तापते आणि दाबले जाते. हजारो वेळा असे झाले की छत्रीसारखे पसरते. पत्र्यावर जस्ताचा मुलामा असेल, म्हणजे जीआय पत्रा असेल, तर आणखी लवकर खराब होते. जस्त वितळून तांब्यात मिसळते आणि टोकाच्या तोंडावर पितळेसारखा थर धरतो. कूलरचे काम बहुधा जीआय पत्र्यातच होते. म्हणून कपाटवाल्यापेक्षा कूलरवाल्याने टोकाकडे अधिक वेळा पाहावे लागते.

आता हिशेब पाहा. टोकाच्या तोंडाचा व्यास किती असावा याचा एक सोपा नियम आहे. पत्र्याच्या जाडीचे मिलिमीटरमध्ये वर्गमूळ काढावे आणि त्याला ५ ने गुणावे. १८ गेजचा पत्रा सुमारे १.२ मिलिमीटर, त्याला साडेपाच मिलिमीटरचे तोंड. २० गेज सुमारे ०.९ मिलिमीटर, त्याला पावणेपाच. २२ गेज सुमारे ०.७ मिलिमीटर, त्याला सव्वाचार. दोन पत्रे वेगळ्या जाडीचे असतील तर सर्वसाधारणपणे पातळ पत्रा धरून चालावे.

समजा तोंड ५ मिलिमीटरचे होते आणि झिजून, पसरून ७ मिलिमीटरचे झाले. पाहणाऱ्याला वाटेल, दोन मिलिमीटरने काय बिघडते? परंतु क्षेत्रफळ पाहा. ५ चे क्षेत्रफळ साडेएकोणीस चौरस मिलिमीटर, ७ चे साडेअडतीस. म्हणजे जागा दुप्पट झाली. मशीनचा प्रवाह मात्र तेवढाच आहे. तो दुप्पट जागेवर वाटला गेला. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने बदलते, म्हणून प्रत्येक कणाला मिळणारी उष्णता निम्मी नव्हे तर जवळजवळ चौथाई होते. वर ठिपका उमटतो, उलट पहिल्यापेक्षा मोठा आणि ठसठशीत दिसतो. आत मात्र गाठ बांधलीच जात नाही. कापडात जसे वरून इस्त्री छान आणि आत सूत कुजके, तसा हा प्रकार.

उस्तादांनी काय पाहिले?

भाच्याच्या शेडवर आम्ही एका जुन्या फिटरना घेऊन गेलो. आयुष्य वर्कशॉपमध्ये गेलेले. त्यांनी परत आलेला कूलर पाहिला नाही, कारागिरालाही काही विचारले नाही. आधी मशीन बंद करविले आणि टोकाच्या तोंडाला व्हर्नियर लावला. सात मिलिमीटरच्या वर. मग आम्हा सर्वांकडे पाहून ते एवढेच म्हणाले, "हात वाईट नाही, नोक वाईट आहे."

आम्ही भाच्याला विचारले, "टोक इतके पसरले तर बदलले का नाही? महाग आहे काय?"

तो म्हणाला, "मामू, टोक महाग नाही. पण काढायला अर्धा तास जातो. दोघे जण लागतात. पाईप पाना लावून पिळावे लागते, कधी छिन्नी मारावी लागते. नंतर पाणी गळायला लागते ते वेगळेच. हंगामात एवढा वेळ कोणाकडे आहे? म्हणून चालते तोवर चालवतो."

वाचक बांधवांनो, साऱ्या प्रकरणाचे मूळ या उत्तरात होते. नवे टोक कपाटात होते, पैशाची अडचण नव्हती, कारागीर कामचुकार नव्हता. जुने टोक काढण्याचा त्रास एवढेच कारण होते. ज्या कामाचा त्रास होतो ते काम माणूस उद्यावर टाकतो आणि त्या उद्याची किंमत गिऱ्हाईक भरतो.

टोक अडकते कसे?

टोक आट्याने बसविलेले नसते, निमुळत्या बैठकीने बसविलेले असते. हिला टेपर म्हणतात. सर्वत्र चालणारे एक माप म्हणजे १ ला १०, अर्थात दर १० मिलिमीटर लांबीला व्यासात १ मिलिमीटरचा फरक. अशी निमुळती बैठक दाबाने आपोआप घट्ट होते. बाटलीचे बूच जितके दाबावे तितके घट्ट बसते तसेच. मशीन दर ठिपक्याला टोकावर शेकडो किलोचा दाब देत असते, म्हणजे प्रत्येक ठिपका टोकाला आणखी घट्ट ठोकत असतो. शिवाय या बैठकीतूनच हजारो अँपिअर वीज जाते आणि थंड करणारे पाणीही आतून खेळते. म्हणून बैठक गुळगुळीत आणि गोल राहणे फार जरुरीचे असते.

अमळनेरच्या माणसाला ही गोष्ट समजावयास कठीण नाही. प्रताप मिलमुळे सूतगिरणीचे काम आपल्या गावाच्या अंगवळणी पडले. रिंग फ्रेमच्या चातीवर बॉबिन अशीच निमुळत्या बैठकीवर बसते. भरलेली बॉबिन काढताना डॉफर ती सरळ वर उपसतो. आडवी ओढली तर चाती वाकते आणि वाकलेली चाती पुढे सूत तोडत राहते. टोकाचेही तसेच आहे. निमुळती बैठक सुटते ती सरळ रेषेत दिलेल्या जोराने. आडव्या जोराने ती बिघडते.

चुकीच्या रीती

पाईप पाना हा या कामातला सर्वांत मोठा शत्रू. त्याचे दात तांब्यात रुततात. टोक तर भंगारात जायचेच असते, पण पाना घसरला की दांड्यावर ओरखडे पडतात. जोराने पिळले तर दांडा वाकतो, आतली पाण्याची नळी हलते, होल्डरही आपल्या जागेवरून फिरतो. मग वरचे आणि खालचे टोक समोरासमोर येत नाहीत.

आडवा हातोडा मारणे ही दुसरी चूक. त्याने बैठक लंबगोल होते. अशा बैठकीवर नवे टोक एका बाजूनेच टेकते. बाकीच्या बाजूने पाणी गळते आणि वीज कमी जागेतून जाते, त्यामुळे बैठकच तापू लागते. मग टोक तेथे जवळजवळ चिकटून बसते आणि पुढच्या वेळी काढणे आणखी कठीण होते. म्हणजे चुकीची रीत स्वतःच पुढची अडचण तयार करते.

तिसरी चूक गळती थांबविण्यासाठी बैठकीवर टेफ्लॉनची पट्टी किंवा सफेदा लावण्याची. नळाच्या कामात हे ठीक. येथे ती पट्टी विजेच्या वाटेत भिंत बनते. गळती थांबवायची तर बैठक दुरुस्त करावी, अथवा दांडा बदलावा.

योग्य हत्यारे

आता मुख्य विषय. टोक काढण्याची तीन प्रकारची साधने आहेत. आपल्या मशीनवर टोक कसे बसते ते पाहून त्यांतले एक निवडावे.

पहिले साधन होल्डरमध्येच असते. टोकाची शेपटी होल्डरच्या पोटात शिरत असेल तर काही होल्डरच्या मागच्या टोकाला एक गुंडी असते. तिच्यावर लाकडी किंवा रबरी हातोड्याने एक ठोका दिला की आतला दांडा पुढे सरकून टोकाला मागून ढकलतो आणि टोक सरळ बाहेर येते. कित्येक कारागिरांना ही गुंडी कशासाठी आहे हेच ठाऊक नसते. ती घाणीने जाम झालेली असते आणि समोरून पाना चालू असतो. आपल्या होल्डरला ती आहे काय, हे आजच पाहावे.

दुसरे साधन म्हणजे काटा-पाचर. टोक टोपीसारखे दांड्यावर बसत असेल तर टोपीची कड आणि दांड्याचा खांदा यांमध्ये थोडी फट असते. पोलादी पट्टीला दांड्याच्या जाडीएवढी खाच असते आणि पट्टी एका बाजूला पातळ, दुसऱ्या बाजूला जाड असते. खाच दांड्यावर बसवून पट्टी फटीत सरकवायची आणि हलके ठोकायचे. पट्टी जसजशी आत जाते तसतशी टोपी खांद्यापासून दूर सरळ ढकलली जाते आणि टप्कन सुटते. समोरासमोरून दोन पट्ट्या वापरल्या तर जोर दोन्ही बाजूंनी सारखा पडतो, हे अधिक चांगले. लेथ-ड्रिलवर काम करणाऱ्यांना यात नवे काही नाही. ड्रिल मशीनच्या बाहीतून टेपरचे ड्रिल ते ज्या ड्रिफ्टने काढतात, त्याचाच हा भाऊ.

तिसरे साधन पकडीसारखे किंवा स्क्रूचे. त्याचे दोन जबडे पाचरीच्या आकाराचे असतात. ते फटीत घालून मुठी दाबल्या किंवा स्क्रू फिरविला की टोपी उचलली जाते. यात ठोकावे लागत नाही, म्हणून दांड्याला धक्का बसत नाही आणि एक माणूस पुरतो. ज्यांना दिवसातून अनेकदा टोके बदलावी लागतात त्यांनी हेच घ्यावे.

काही टोकांच्या अंगावर पान्यासाठी दोन सपाट बाजू दिलेल्या असतात. अशा टोकाला मापाचा सपाट पाना लावून किंचित फिरवावे आणि सरळ ओढावे. किंचित फिरविणे आणि जोराने पिळणे यांतला फरक मात्र विसरू नये.

मोठ्या मोटार कारखान्यांत रोबोच्या हातावरची टोके काढणारी आणि घासणारी यंत्रे बसविलेली असतात. ठरावीक ठिपके झाले की रोबो हात तेथे नेतो, टोक घासून घेतो आणि पुढे बदलूनही घेतो. तेथे "चालते तोवर चालवू" असे कोणी म्हणत नाही. आपल्याला रोबो नको, पण तो नियम आपल्या कामाचा आहे.

डब्याची गोष्ट

टोक झिजण्याच्या अडचणीवर जगाने आणखी एक उपाय काढला आहे. तो अमळनेरकरांना ऐकावयास आवडेल. आपल्या गावात २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन केली. तीच पुढे विप्रो झाली. तिचा आरंभ वनस्पती तुपाचा. त्या काळी असे तूप पत्र्याच्या डब्यांतून घरोघर जाई. डब्याचा उभा सांधा पूर्वी कथलाने झाळत असत, पुढे जगभर डब्यांना वेल्डिंग आले. तेथे टोकाऐवजी तांब्याची चाके असतात. पत्र्यावरचे कथील चाकाला चिकटून चाक खराब होई. म्हणून चाकावरून तांब्याची तार सतत सरकती ठेवण्याची युक्ती निघाली. प्रत्येक सांध्याला नवी तार आणि वापरलेली तार भंगाराला. बाद झालेले तांबे सांध्याजवळ थांबूच द्यावयाचे नाही, हे त्यातले तत्त्व. आपल्याकडे तार नाही, पण वेळेवर टोक काढण्याचे हत्यार आहे. काम तेच.

काढण्या-बसविण्याचा क्रम

उस्तादांनी सांगितलेला क्रम आम्ही शेडच्या भिंतीवर लिहून लावला आहे. तो येथे देतो.

१. मशीनचा मुख्य स्विच बंद करावा. पाय पायपट्टीवरून बाजूला घ्यावा. हवेवर चालणारे मशीन असेल तर हवा बंद करून दाब सोडून द्यावा.

२. पाण्याचा कॉक बंद करावा. खाली फडके धरावे. टोक निवू द्यावे, नुकते काम केलेले टोक हात भाजते.

३. योग्य साधनाने टोक सरळ काढावे.

४. बैठक स्वच्छ फडक्याने पुसावी. चरा असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने गोल फिरवावा. कानस लावू नये, बैठकीचे माप जाते.

५. आतली पाण्याची नळी पाहावी. थंड पाणी नळीतून टोकाच्या तळापर्यंत जाऊन बाहेरच्या बाजूने परतले पाहिजे. नळी आखूड पडली की पाणी वरच्या वरच फिरते आणि टोक तापते. नळीचे तोंड तिरपे कापलेले असावे, नाहीतर ते तळाला टेकून पाणी अडते.

६. नवे टोक हाताने बसवावे, तेल-ग्रीस लावू नये. मग लाकडी मोगरीने एक हलका ठोका द्यावा. किंवा वीज न सोडता मशीनचाच दाब एक-दोनदा द्यावा, टोक आपोआप बसते.

७. पाणी सुरू करून गळती पाहावी. वरचे आणि खालचे टोक बरोबर समोरासमोर येते ना हे पाहावे.

८. दोन टाकाऊ पट्ट्यांवर ठिपका मारून त्या पकडीने सोलून पाहाव्यात. ठिपका चांगला असेल तर एका पट्टीतून लोखंडाचे बटन उखडून दुसरीवर राहते आणि पहिलीला भोक पडते. पट्ट्या नुसत्याच सुट्या झाल्या तर तो ठिपका नव्हे, डाग होय.

ही शेवटची परीक्षा रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी करावी. तिला दोन मिनिटे लागतात.

टोक विकत घेताना

येथे व्यापारी म्हणून दोन शब्द. टोकासाठी निव्वळ तांबे चालत नाही. ते मऊ असते आणि लवकर पसरते. टोकाच्या तांब्यात साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी क्रोमियम आणि नाममात्र झिर्कोनियम मिसळलेले असते. त्यामुळे ते तापल्यावरही कडक राहते. भंगारातली तांब्याची सळी खरादवर उतरवून केलेले टोक स्वस्त पडते, दिसतेही तसेच. पण ते कच्च्या रंगाचे कापड आहे, पहिल्या धुण्यात कळते. टोक आणताना जुने टोक सोबत न्यावे आणि बैठकीचे माप जुळवून घ्यावे. "थोडे ठोकले की बसेल" असे म्हणणाऱ्याकडून घेऊ नये.

जुनी टोके फेकू नयेत. एका डब्यात साठवावीत आणि तांब्याच्या भावाने वजनावर विकावीत. ती कोरडी घासून धूळ मात्र उडवू नये. तांब्याच्या काही मिश्रणांत बेरिलियम असते आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते.

वहीचा हिशेब

आता जे आम्हाला खरोखर येते ते करू. उदाहरणासाठी धरा की महिन्यातून ८ वेळा टोक बदलावे लागते. पाईप पान्याने दर वेळी ३० मिनिटे, योग्य साधनाने ३ मिनिटे. फरक २७ मिनिटांचा. ८ ने गुणले तर २१६ मिनिटे, म्हणजे साडेतीन तासांहून अधिक. मिनिटाला १० ठिपके धरले तर २,१६० ठिपके महिन्याला बुडाले. त्यात दुसऱ्या माणसाची मजुरी, बिघडलेल्या दांड्याची किंमत आणि परत आलेल्या मालाचे भाडे आपापल्या दराने मिळवावे. समोर त्या एका हत्याराची किंमत लिहावी. कोणते पारडे जड आहे ते वहीच सांगेल.

पण एक रकम वहीत बसत नाही. परत आलेल्या पाच कूलरांचे पैसे भाच्याने दिले, माल दुरुस्त करून दिला. तरी त्या गावच्या दुकानदाराने पुढच्या खेपेला मागणी निम्मीच नोंदविली. बाजारात आपले नाव हीच आपली पेढी. ते एका टोकाच्या झिजेने कमी होऊ शकते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

आणि आता ती मजुरीची गोष्ट. उस्ताद गेल्यावर शेडमध्ये कोणी बोलेना. आम्ही भाच्याला म्हटले, "त्याचे तीन दिवस परत दे. आणि सर्वांसमोर दे, कारण कापले होतेस सर्वांसमोर." त्याने दिले. आम्हीही कारागिराजवळ जाऊन म्हटले, "भाई, आम्हीही चुकलो." तो एवढेच म्हणाला, "चाचा, मी दोन वेळा सांगितले होते की टोक बदलू या." त्याने सांगितले होते आणि कोणी ऐकले नव्हते. कारण ऐकले असते तर अर्धा तास पाना पिळावा लागला असता.

आज त्या मशीनच्या बाजूला खिळ्यावर काटा-पाचरीची जोडी टांगलेली आहे. शेजारी एक लहान वही आहे. टोक कधी बदलले, तोंड किती मिलिमीटर झाले होते, सकाळची सोलण्याची परीक्षा काय सांगते, हे तोच कारागीर लिहितो. टोक केव्हा बदलायचे हे आता भाचा ठरवीत नाही, वही ठरविते.

तेव्हा आमच्या कारागीर आणि कारखानदार बांधवांना विनंती एवढीच. माल परत आला तर माणसाकडे बोट दाखविण्यापूर्वी त्याच्या हातातले हत्यार पाहावे. आणि आपल्या धंद्यात असे कोणते काम आहे जे फक्त काढण्या-घालण्याच्या त्रासामुळे रोज उद्यावर जाते, ते शोधावे. शिलाईवाल्याची बोथट सुई असेल, लूमवाल्याचा घासलेला धोटा असेल, सुताराची न लावलेली करवत असेल. ते काम सोपे करणारे लहानसे साधन बहुधा बाजारात मिळते किंवा गल्लीतला लोहार बनवून देतो. हंगाम सुरू होण्यापूर्वी ते आणून खिळ्याला टांगून ठेवावे.